मागे वळून बसलेला नवरा

जेजू बेटावरचं एक घर. जेवणाची वेळ. वडीलधारी माणसं आणि पुरुष मोठ्या बैठ्या टेबलाशी बसलेत आणि बाजूच्या लहान टेबलाशी सून आणि मुली. मोठ्या टेबलावर काय आहे आणि लहान टेबलावर काय नाही, हे कॅमेरा बोट दाखवून सांगत नाही, नुसता दोन्हीकडे फिरतो. त्या घरचा मुलगा ग्वान-सिक काही वेळ जेवतो, मग बसल्या जागी मागे वळतो. पाठ वडीलधाऱ्यांकडे, तोंड बायकोकडे. आणि जेवण पुढे चालू ठेवतो. भांडण नाही, भाषण नाही, 'आजपासून ही माझ्याशेजारी बसेल' अशी घोषणाही नाही. फक्त एक पाठ फिरते आणि त्या घराची शेकडो वर्षांची रीत तिथल्या तिथे मोडते.

'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' या मालिकेतलं हे दृश्य मी पुनःपुन्हा काढून बघते. कोरियन मालिकांमधला प्रणय म्हणजे पाऊस, छत्री आणि संथ गतीत वळलेली मान, असं समजणाऱ्यांना मी हेच दृश्य दाखवते. लिम सांग-चुन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखणीची ही मालिका किम वॉन-सक यांनी दिग्दर्शित केली. 7 मार्च 2025 पासून दर आठवड्याला चार भाग, असे चार आठवडे ती नेटफ्लिक्सवर आली. प्रत्येक आठवडा एक ऋतू, वसंतापासून हिवाळ्यापर्यंत. त्याच वर्षी कोरियाच्या बेकसांग पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मालिका आणि सर्वोत्कृष्ट पटकथा हे दोन्ही मान तिला मिळाले. पण छत्रपती संभाजीनगरजवळच्या आमच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत ती ज्यांनी पाहिली त्यांना पुरस्कारांची शिफारस लागली नाही.

वाळूजचं माणूस कुठून कुठून आलेलं आहे. 1985 मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्यामागून बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याकडची कुटुंबं येत राहिली. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी इथल्या खोल्या अशाच भरल्या. गावाकडची दोन एकर सोडून आलेला बाप, सेकंड शिफ्टहून रात्री उशिरा परतणारी आई, आणि 'आम्ही नाही शिकलो, तू शीक' या एका वाक्यावर वाढलेली मुलगी. हे घर ज्याने आतून पाहिलंय त्याला जेजू परकं वाटत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक नगरीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्सचा कारखाना आहे, म्हणजे कोरियन माणसंही आता आमच्या जिल्ह्यात कामाला आहेत. तरी त्यांच्या घरात काय शिजतं आणि कोण कोणाआधी जेवतं, हे आम्हाला मालिकांनीच दाखवलं.

आता त्या जेवणाच्या दृश्यावर परत येऊ, कारण त्याची पेरणी फार आधी झाली आहे. नायिका ए-सुन लहान असताना काकाच्या घरी राहते. बाप गेलेला, आईने दुसरं घर केलेलं. काकाकडे जेवायला मासा येतो तो त्यांच्या मुलांच्या ताटात. ए-सुनच्या ताटात येत नाही. हे कळल्यावर तिची आई, ग्वांग-र्ये, पेटून उठते. तिच्या रागाला त्या माशाच्या किमतीशी काही देणंघेणं नाही, पोरीला 'तू आमची नाहीस' असं ताटातून सांगितलं गेलं, हे तिला सोसत नाही. मग लहानगा ग्वान-सिक, ज्याच्या आईचं मासळीचं दुकान आहे, ए-सुनकडे मासे पोचवू लागतो. त्या वयात त्याला प्रेमातलं काय कळणार? त्याला एवढंच कळलंय की हिच्या ताटात मासा नसतो. पुढे नवरा होऊन तो मागे वळून बसतो तेव्हा हाच मुलगा मोठा झालेला आपण बघतो. माशापासून टेबलापर्यंतची ही रेघ लेखिका कुठेही गडद करत नाही. ती आपली आपण जोडायची, आणि जोडली की पटकथेच्या शिवणीवरून हात फिरवावासा वाटतो.

आपल्याकडे हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. पुरुषांची पंगत उठल्यावर बायकांनी बसायचं, कढईच्या बुडाशी उरलेली भाजी आणि चुलीशेजारी ठेवलेली शेवटची भाकरी त्यांच्या वाट्याची, हे मराठवाड्यात माझ्या पिढीनेही पाहिलंय. म्हणून मला ग्वान-सिकच्या वळण्यातला तपशील महत्त्वाचा वाटतो: तो बायकोला मोठ्या टेबलावर बोलावत नाही. बोलावलं असतं तर सासू-आजेसासूच्या नजरा तिला झेलाव्या लागल्या असत्या. तो स्वतः तिच्याकडे तोंड करतो, म्हणजे त्या नजरा त्याच्या पाठीवर पडतात. इतक्या बारीक विचाराने लिहिलेला नायक मी फार कमी वेळा पाहिला आहे.

कोरियन मालिकांचा नायक नेहमी असा नव्हता. 2009 ची 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' आठवा. श्रीमंत, तापट, मुलीचं मनगट धरून ओढत नेणारा मुलगा, आणि ते ओढणं म्हणजेच प्रेम असं मानणारी कथा. तिथे पात्राचा विकास म्हणजे उद्धट मुलगा शेवटी थोडा कमी उद्धट होणं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. ज्याला समोरच्याचं दुखतंय हे शिकवावं लागतं, त्याच्या शिकण्याची किंमत नायिकेने का मोजायची? त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या लेखकांनी, आणि त्यातही लेखिकांनी, नायकाला हळूहळू ओढण्याकडून बघण्याकडे आणलं. समोरच्या माणसाला काय हवंय हे बघता येणं, हीच त्याची मर्दुमकी झाली.

या प्रवासातला एक मधला टप्पा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पार्क जी-उन यांनी लिहिलेली 'क्रॅश लँडिंग ऑन यू', 2019 च्या डिसेंबरात सुरू होऊन फेब्रुवारी 2020 मध्ये संपलेली. वादळात पॅराग्लायडर भरकटून दक्षिणेची उद्योजिका युन से-री उत्तर कोरियात पडते आणि कॅप्टन री जंग-ह्योकच्या घरात लपते. ती सवयीने त्याच्याकडे सुगंधी मेणबत्ती मागते, त्याला ते काय असतं ठाऊक नाही, तो साधी मेणबत्ती आणून देतो. आपण हसतो आणि विसरतो. पुढे रात्रीच्या बाजारात ती चुकते. दिवे गेलेले, भोवती अनोळखी गर्दी. तेवढ्यात गर्दीच्या वर एक हात दिसतो आणि त्या हातात जळती मेणबत्ती. या वेळी सुगंधी. हरवलेल्या माणसाला शोधायला उजेड हवा होता, तो तर कोणत्याही मेणबत्तीचा चालला असता. पण मधल्या दिवसांत तिचं मागणं त्याच्या डोक्यात राहिलं होतं, हे सांगायला लेखिकेने वास वापरला, जो पडद्यावर दाखवताच येत नाही. केवढी हिंमत आणि केवढी नजाकत!

तरीही जंग-ह्योकला त्या कथेत बंदूक, पियानो आणि सीमारेषा अशी सगळी मोठी साधनं मिळालेली आहेत. ग्वान-सिककडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे कोबी आहे. बाजारात ए-सुनच्या वाटणीची कोबी तो विकतो आणि ती बाजूला पुस्तक वाचत बसते. तरुण ग्वान-सिकचं काम करणारा पार्क बो-गम देखणा आणि लोकप्रिय नट आहे, त्याच्यासारख्याला घेऊन लेखिकेने त्याला जवळजवळ मुका ठेवला. एकदाच तो आपल्याला वेडा वाटतो: घरच्यांनी दोघांना तोडल्यावर बेट सोडून निघालेल्या बोटीतून, धक्क्यावर उभ्या ए-सुनला बघून तो समुद्रात उडी मारतो आणि पोहत परत येतो. दुसऱ्या कुठल्याही मालिकेने हे दृश्य शेवटच्या भागासाठी राखून ठेवलं असतं. इथे ते सुरुवातीलाच संपतं, आणि मग लेखिका खरा प्रश्न विचारायला घेते. उडी मारणं एका दिवसाचं काम आहे. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं रोज पहाटे उठून मासेमारीला कोण जाणार? पुढचे भाग त्या पहाटांचे आहेत.

उतारवयातला ग्वान-सिक साकारणारा पार्क हे-जून हा नट 2020 च्या 'द वर्ल्ड ऑफ द मॅरीड' मध्ये बायकोला फसवणारा नवरा होता आणि त्या भूमिकेसाठी प्रेक्षकांनी त्याचा मनापासून तिरस्कार केला होता. त्याच चेहऱ्याला कोरियन पडद्यावरचा सर्वांत निष्ठावान नवरा म्हणून उभं करणं ही पात्रनिवडीतली खेळी मला फार आवडली. त्याचे खांदे बघा, गुडघे धरून उठणं बघा. ग्वान-सिकचा स्वभाव सोळा भागांत तसूभर बदलत नाही. बदलतं ते त्याचं शरीर. स्वभाव तोच ठेवण्यासाठी शरीराला काय मोजावं लागलं, हाच त्याचा विकास. वाळूजमध्ये वीस-पंचवीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसांच्या घरात हे गुडघे ओळखीचे आहेत.

आणि ए-सुन? तिच्यासाठी तर पात्रनिवड हीच रचना आहे. आययू ही गायिका-अभिनेत्री तरुण ए-सुन आहे, आणि तीच पुढे ए-सुनची मुलगी गुम-म्योंगही आहे. मधल्या वयापासून ए-सुन होते मून सो-री. म्हणजे गुम-म्योंग आईवर वैतागते, फोनवर तुटक बोलते, तेव्हा आपल्याला दिसतं काय? ज्या चेहऱ्याने कवयित्री होण्याची स्वप्नं पाहिली, तोच चेहरा आता थकलेल्या ए-सुनला ओरडतोय. तारुण्य स्वतःच्याच म्हातारपणाला उलट बोलतंय. मुलीमध्ये आईचं अपुरं राहिलेलं आयुष्य चालत राहतं, हे सांगायला हजार संवाद लागले असते. इथे एकाच नटीचा चेहरा दोनदा वापरून ते झालं.

ए-सुनची आई ग्वांग-र्ये ही हेन्यो आहे, म्हणजे श्वास रोखून समुद्रतळाशी बुडी मारून शिंपले काढणारी बाई. जेजूच्या या बायकांची परंपरा 2016 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ग्वांग-र्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी जाते, मालिका सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. यॉम हे-रान यांनी एवढ्याशा वेळात ती अशी उभी केली की पुढे ती नसतानाही प्रत्येक प्रसंगात असते. शाळकरी ए-सुनची एक कविता आहे. आईला घरी येऊ न देणाऱ्या समुद्रातल्या शिंपल्यावर ती रुसते, आणि पैसे असते तर आईचा एक दिवस विकत घेतला असता, असं तिचं म्हणणं आहे. ओव्हरटाइमला गेलेल्या आईची वाट बघणाऱ्या आमच्या इथल्या कुठल्याही पोराला ही कविता समजावून सांगायची गरज नाही.

मरण्याआधी ग्वांग-र्ये आपल्या पहिल्या सासूकडे जाते आणि विनवते, की पुढे कधी ए-सुन रडत तुमच्या दारी आली तर एकदा तिला आधार द्या. दृश्य पुढे सरकतं. कित्येक वर्षांनी ए-सुन आणि ग्वान-सिक अगदी तळाशी गेलेले असताना ही म्हातारी आयुष्यभराची साठवण नातीच्या हाती ठेवते आणि त्यातून घरची बोट येते. मेलेल्या आईचा शब्द त्या बोटीच्या रूपाने पोचतो. ना मून-ही या ज्येष्ठ अभिनेत्रीने म्हातारीचा करडेपणा जराही मऊ न करता ही माया दाखवली आहे, त्यामुळे ती फार खरी वाटते.

ए-सुनचा स्वतःचा मोठा क्षण मात्र प्रेमाचा नाही, संतापाचा आहे. सासरची माणसं छोट्या गुम-म्योंगला हेन्यो करायचं ठरवून देवाचा विधी मांडतात, तेव्हा ए-सुन ते मांडलेलं टेबल उलथून टाकते. इथे पुन्हा टेबलच आहे, हे सुटू देऊ नका. नवऱ्याने टेबलाकडे पाठ केली, बायकोने टेबल पालथं केलं. त्याची बंडखोरी शांत, तिची मोडतोड करणारी. पण दोघांनी एकच घर मोडलं आणि एकच घर बांधलं. यानंतर ते वेगळे निघतात. भाड्याच्या खोलीत तांदळाचा रांजण रिकामा होत येतो आणि तरी पुरता रिकामा होत नाही, कारण घरमालक म्हातारा-म्हातारी गुपचूप त्यात तांदूळ टाकत असतात. प्रेमकथेत शेजाऱ्यांना इतकं मानाचं पान देणारी लेखिका माणसं ओळखून आहे.

आपल्या मराठी मालिकांना हे जमत नाही असं मी म्हणणार नाही. 2012 मध्ये झी मराठीवर सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. घना आणि राधा घरच्यांच्या आग्रहातून सुटण्यासाठी ठरवून, मुदतीचं लग्न करतात आणि नांदता नांदता प्रेमात पडतात. कराराचं लग्न हा कोरियन मालिकांचाही लाडका धागा, 2004 च्या 'फुल हाउस'पासून चालत आलेला. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांनी तो धागा आपल्या काका-मामांच्या गोतावळ्यात इतका सहज विणला की घरोघरी लोक रात्री वेळ राखून बसत. ती मालिका त्याच वर्षी संपली, आणि संपली म्हणून टिकली. शेवट ठरलेला असला की पात्राला कुठेतरी पोचावं लागतं. वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या मालिकेत पात्राला बदलून चालत नाही. बदललं तर उद्याचं भांडण कसं होणार? सोळा भागांची मर्यादा ही कोरियन लेखकाची मोठी शिस्त आहे.

गुम-म्योंगची प्रेमकथा या शिस्तीतच उमलते. सोलला शिकणारी हुशार मुलगी, यंग-बम हा मनापासून प्रेम करणारा मुलगा, आणि मुलीच्या घराला कमी लेखणारी त्याची आई. मुलगा वाईट नाही, हे लक्षात घ्या. तो फक्त वेळेवर वळून बसत नाही. गुम-म्योंगने लहानपणापासून वळून बसणारा बाप पाहिलेला आहे, त्यामुळे तिला कमी पडलेलं काय ते नेमकं कळतं, आणि प्रेम असतानाही ती लग्न मोडते. मोडताना तिचा आवाज चढत नाही. आपल्या आईबापाचा अपमान घरात घेऊन नांदायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. मालिकेतलं सर्वांत प्रौढ प्रेमदृश्य मला हेच वाटतं.

पुढे ती सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या चुंग-सपशी लग्न करते. मंडपात शिरताना बाप तिला सांगतो, की नाही जमलं तर परत फिर, बाबा इथेच आहे. हेच तो तिच्या शाळेच्या दिवसांपासून सांगत आलाय. आपला बाप 'दिल्या घरी सुखाने नांद' म्हणतो आणि डोळे पुसतो. त्यातलं प्रेम खोटं नसतं, पण त्यात परतीचं दार लोटलेलं असतं. ग्वान-सिक ते दार लग्नाच्या दिवशीच उघडं ठेवतो. हे ऐकताना बजाजनगरच्या एका खोलीत माझ्याबरोबर बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या, आणि त्यांतल्या दोघींनी तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितला.

दोष नाहीत असं नाही. यंग-बमची आई फारच एकसुरी लिहिली आहे. ज्या लेखिकेने कजाग सासवांनाही शेवटी माणूस केलं तिने हिला मात्र नुसतं खडूस ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांत पाणी आणण्याचा सोस जाणवतो, संगीत काही ठिकाणी आपल्याआधी रडतं. पण मग बू सांग-गिल येतो. चोई दे-हून यांनी रंगवलेला हा बढाईखोर, हात उगारणारा माणूस एकेकाळी ए-सुनशी लग्न ठरवून बसलेला असतो, आणि पुढे त्याचीच मुलगी ए-सुनच्या मुलाची बायको होते. खलनायक व्याही होतो! त्याला ना शिक्षा होते ना त्याचं पापक्षालन होतं. तो म्हातारा होतो, एकटा पडतो आणि ग्वान-सिकच्या घराकडे हेव्याने बघत राहतो. एवढ्या संयमाने लिहिलेला वाईट माणूस आपल्या पडद्यावर मला क्वचितच दिसला.

शेवटच्या ऋतूत ग्वान-सिक रक्ताच्या कर्करोगाने जातो, आणि म्हातारपणी ए-सुनचा कवितासंग्रह निघतो. इथे मराठी वाचकाला बहिणाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये, मुलाने टिपून ठेवलेली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. ए-सुनला ते पुस्तक जिवंतपणी हातात घेता आलं. त्या पुस्तकामागे नवऱ्याने विकलेली कोबी आहे आणि आजीची साठवण आहे, आणि मालिकेने हा हिशोब शेवटपर्यंत विसरू दिलेला नाही.

बघायची असेल तर एक विनंती. सोळा भाग एका सुट्टीत उरकू नका. ती चार आठवड्यांत आली होती, तशीच चार आठवड्यांत बघा. पळवत तर अजिबात बघू नका, नाहीतर तो मागे वळलेला नवरा निसटून जाईल. आणि आई जवळ असेल तर तिला शेजारी बसवा. खालच्या ओळी वाचून दाखवायला लागल्या तरी चालेल.